अक्का आणि सुपडूभाऊंचं वाईट मरण

“शेठ, तुमच्या चेंबरमध्ये मला एक पलटण मारायची आहे. दुपारची वेळ चालेल का?”

आदरणीय शकुंतलाअक्का बोरसे माझ्याशी बोलल्या त्यातलं हे पहिलं वाक्य. मी जळगावात केळीचा व्यापार करतो. गावाबाहेर माझी केळी पिकवायची चेंबर आहे, म्हणजे चारही बाजूंनी बंद अशी थंड खोली, जाड दाराची. त्या दिवशी मी गादीवर बसून फोनवर भाव ऐकत होतो आणि समोर एक वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी भरताची हिरवी वांगी. मला वाटलं वर्गणीला आल्या असतील. त्यांचं वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला फोन खाली पडला. पलीकडचा व्यापारी बराच वेळ हॅलो हॅलो करत होता.

वाचकहो, मी मुळातला भित्रा माणूस. आमचे आजोबा मारवाडातून खान्देशात आले ते सामानाबरोबर भीतीही घेऊन आले असावेत, कारण आमच्या घरात झुरळ दिसलं तरी पुरुषमाणसं आधी बाहेर पडतात. अशा माणसाला अक्कांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहायला सांगावं, हाही मला एक धक्काच आहे. पण खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत अक्कांनी मला धक्क्यांशिवाय दुसरं काही दिलेलं नाही, आणि ते सगळे मी जपून ठेवले आहेत.

अक्कांची ओळख इथल्या पुष्कळांना विज्ञानाच्या बाई म्हणून आहे. आधी पारोळ्याला आणि नंतर धुळ्यात देवपूरला त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्यांचा एक प्रयोग तर त्यांचे विद्यार्थी आजही डोळे मिटून सांगतात. काचेच्या पेटीत पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक जळती मेणबत्ती. पेटीत कार्बन डायऑक्साइड सोडला की सगळ्यांत खालची मेणबत्ती आधी विझते, कारण हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. अक्का विचारायच्या, “आता सांगा, ह्या पेटीत तुम्हांला झोपायला सांगितलं तर झोपाल का?” आणि सगळा वर्ग ओरडायचा, “नाही!” हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्तीनंतर बाईमाणूस देवदर्शन करील, नातवंडं सांभाळील, फार तर पापड-कुरडयांचा उद्योग काढील. अक्कांनी भयपट काढले. तेही भुताखेतांचे, हडळींचे नाहीत. फौजेनं शास्त्रज्ञांना हाताशी धरून कुठल्यातरी तळघरात काहीतरी बनवायला घ्यावं आणि ते हाताबाहेर जावं, अशा कथा. एकात फौजीला झोप लागू नये म्हणून औषध देतात आणि तो जागेपणीच स्वप्नं बघायला लागतो. दुसऱ्यात भीती घालवणारी सुई निघते आणि ती टोचलेली माणसं विस्तवालाही भीत नाहीत. सगळं खान्देशी बोलीत, लग्नाच्या कॅमेऱ्यावर, आणि कलाकार कोण, तर रिक्षावाले, हमाल, शिंपी, पोस्टमन. पारोळ्याच्या बाजारातल्या शेडमध्ये पडदा बांधून हे चित्रपट दाखवतात तेव्हा माणसं ट्रॅक्टर काढून येतात.

अक्का चेंबर मागायला आल्या त्यानंतर मी त्यांचा चित्रपट पहिल्यांदा तिथेच पाहिला. पाहिला म्हणजे अर्धा. जळालेल्या चेहऱ्याचा फौजी तळघराच्या जिन्यावरून वर यायला लागला आणि माझी पाचावर धारण बसली. मी उठलो तो थेट गाडीत. चपला शेडमध्येच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर दारात अक्का. धुळ्याहून बसनं आल्या होत्या, हातात माझ्या चपला. हसल्या नाहीत, चिडवलं नाही. माझ्यासमोर बसल्या आणि एकेक भीती उलगडून दाखवायला लागल्या. तो आवाज म्हणजे पत्र्यावर ओढलेली खुर्ची. ते रक्त म्हणजे बीट. “आणि ती जळालेली कातडी?” मी विचारलं. अक्कांनी पिशवीत हात घातला आणि भाजलेल्या वांग्याचं काळं साल माझ्या टेबलावर ठेवलं.

मी आ वासून बघत राहिलो. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल हलक्या हातानं सोलायचं आणि डिंकानं चेहऱ्यावर चिकटवायचं. आणि आतला गर? त्याचं दुपारी भरीत, बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, सगळ्या कलाकारांची पंगत. आमच्या घरी वांगं चालत नाही, त्यामुळे मी त्या पंगतीत ताक पीत बसतो. पण समोर अर्धा चेहरा जळालेले चार राक्षस मांडी घालून स्वतःच्याच कातडीतला गर भाकरीबरोबर खाताहेत, हे दृश्य पाहिल्यावर माणूस पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही.

अक्कांची एक रीत इथे मुद्दाम नोंदवतो. कुणाच्याही चेहऱ्याला साल लावण्याआधी त्या समोर बसून विचारतात, “लावू का?” तो हो म्हणाला तरच लावतात. रोजचा कलाकार असो की नवा, दर वेळी. एकदा मी कंटाळून म्हटलं, “अक्का, ते आलेत तर लावून घ्यायलाच ना?” तर म्हणाल्या, “माझ्या एकाही गोष्टीत त्या फौजींना कुणी विचारलेलं नसतं. सगळं तिथूनच बिघडतं. निदान माझ्या हातून तरी तसं होऊ नये.” आणखी एक रीत. त्यांच्या प्रत्येक चित्रपटात प्रयोग सुरू होण्याआधी कुणीतरी मोठा साहेब हसत म्हणतो, “काही होत नाही.” हे वाक्य आलं की शेडमधली बायकामाणसं लेकरांचे डोळे झाकायला लागतात.

कुणाला वाटेल, बाई फौजेच्या विरुद्ध आहेत. पारोळ्याच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदार नानांनाही तसंच वाटलं होतं. भर शेडमध्ये उठून ते अक्कांना वाटेल ते बोलले. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या चित्रपटाची सगळी गोष्ट आधी नानांच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवली. वाचून झाल्यावर नाना म्हणाले, “बाई, पट्टा असा बांधत नसतात.” तेव्हापासून आमच्या पलटणीचे पट्टे नाना बांधतात.

आता सुपडूभाऊंकडे येतो. ते आल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. सुपडूभाऊ जळगावात मेहरूणला राहतात, रिक्षा चालवतात आणि अक्कांच्या प्रत्येक चित्रपटात मरतात. माणूस सोन्यासारखा, पण अभिनय म्हणाल तर देवा! गोळी लागली की आधी छाती धरतात, मग पोट, मग पुन्हा छाती. “आई वं!” म्हणून तीन वेगवेगळ्या सुरांत ओरडतात. पडले तरी पाय झाडतात, आणि शेवटी कॅमेरा अजून आपल्यावर आहे का हे एक डोळा उघडून बघतात. लोक हसतात. सुपडूभाऊंना ते फार लागतं. त्यांची एकच इच्छा होती, एकदा तरी आपलं मरण बघून कुणीतरी घाबरावं.

ग्रंथ समितीनं मला बजावलं होतं की लेख गोड असावा, वादाचं काही नको. अक्कांनी फोन करून नेमकं उलटं बजावलं. “शेठ, चेंबरमधला तो दिवस लिहा. नसेल लिहायचा तर मी सत्काराला येत नाही.” समितीनं मला माफ करावं. मी अक्कांना जास्त घाबरतो.

चित्रपट होता शत्रूवर सोडायच्या धुक्याचा. हे धुकं आपल्याच पलटणीवर आधी करून बघतात, अशी गोष्ट. जागा पुन्हा माझीच चेंबर, आणि पांढरा कोट घालून काचेतून बघणारा शास्त्रज्ञ कोण, तर मी. संवाद नसलेली भूमिका म्हणून कबूल केली होती. धुक्यासाठी अक्का एरवी गोवऱ्यांचा धूर करत. पण आमचा कॅमेरावाला अन्वर देवपुरात लग्नाचं शूटिंग करतो. आजकाल नवरानवरी स्टेजवर ढगांतून चालत येतात ना, त्याचं यंत्र तो घेऊन आला. त्यात ड्राय आइस घालतात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. हे अन्वरला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. अक्कांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “दार उघडं राहील.”

पण दार उघडं ठेवलं की धुकं बाहेर जायचं आणि ऊन आत यायचं. दोनतीनदा झालं. वांग्याची सालं चेहऱ्यांवर सुकायला लागली, सुकली की ती गळतात. अन्वर चिडला, पलटण वैतागली. आणि अक्का म्हणाल्या, “बरं, थोडा वेळ लोटा दार. काही होत नाही.”

मी दाराशीच होतो. ते वाक्य ऐकून मला क्षणभर हसू आलं, कारण ते तर पडद्यावरच्या साहेबाचं. मी आतून दार लोटलं.

पांढरं धुकं जमिनीवर पसरलं. काय सुंदर दिसत होतं! पलटण धुक्यात शिरली, सुपडूभाऊ सगळ्यांत पुढे. गोष्टीप्रमाणे ते पहिले पडले, बाकीचे भिंतीला टेकून उभे. सुपडूभाऊ धुक्यात बुडाले. आणि या खेपेला “आई वं” नाही. पाय झाडणं नाही. छाती भराभर वरखाली होत होती, बोटं जमिनीवर काहीतरी शोधत होती, मग तीही थांबली. डोळे अर्धे उघडे, पण कॅमेऱ्याकडे नाहीत. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. स्टुलावर चढलेला अन्वर हळूच म्हणाला, “अक्का, काय काम करतोय माणूस!” बाजूच्या दुसऱ्या स्टुलावरून अक्का छोट्या पडद्यात बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरही आधी हसूच होतं, इतक्या वर्षांनी विद्यार्थी पास झाल्याचं.

आणि ते हसू माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

“सुपडूले असं मराले येत नही!” अक्का किंचाळल्या. “शेठ, दार उघाडा! बठ्ठा बाहेर निंघा!”

दार मी कसं उघडलं ते मला आठवत नाही. स्टुलावरून उडी मारून अक्का त्या धुक्यात वाकल्या, अन्वरनं पाय धरले, अक्कांनी काखेत हात घातले, आणि सुपडूभाऊंना ओढत उन्हात आणलं. चेहऱ्यावर वांग्याचं साल, त्यामुळे आत रंग आहे की गेला तेही कळेना. अक्का मातीत बसून दोन्ही हातांनी ते साल ओरबाडून काढत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता. “सुपडू, ऊठ रे! ऊठ ना रे भाऊ!” मी पांढरा कोट घालून तिथे नुसता उभा होतो, चित्रपटातला माझा शास्त्रज्ञ उभा राहतो तसाच.

मग सुपडूभाऊंनी मोठा श्वास घेतला, कूस बदलली, ओकले आणि क्षीण आवाजात विचारलं, “अक्का, कट व्हयना का?”

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ते ठीक झाले, डॉक्टरांनी घरी सोडलं. जे उभे होते त्यांना काहीच झालं नव्हतं. जो तळाशी होता तोच विझत चालला होता. दवाखान्याच्या बाकावर अक्का म्हणाल्या, “शेठ, खालची मेणबत्ती आधी विझते. सातवीच्या पोराला येतं. मला आलं नाही.” त्यांचे हात काळे होते आणि ते त्यांनी धुतले नव्हते.

आम्ही सगळे म्हणत होतो, झालं ते झालं, घरी सांगू, उन्हानं चक्कर आली. अक्का सरळ मेहरूणला सुपडूभाऊंच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सुपडूभाऊंच्या बायकोला, कलाबाईंना सांगितलं, “चूक मनी शे. दार लोटाले मीच सांगं.” कलाबाई ओरडतील, शिव्या देतील अशी माझी समजूत. त्या एवढंच म्हणाल्या, “अक्का, तुम्ही तं मास्तरीन शेतस ना?” अक्कांनी मान खाली घातली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कॅमेरा चालूच राहिला होता.

आठवड्याभरानं आम्ही अन्वरच्या देवपुरातल्या दुकानात जमलो आणि त्यानं ते शूटिंग लावलं. काय सांगू तुम्हांला! अक्कांच्या सगळ्या चित्रपटांत मिळून असा एक प्रसंग नव्हता. बघताना आमच्यातला एकेक जण मागे सरकत होता. मीच काय, कुणीही चपला सोडून पळालं असतं. सुपडूभाऊ डोळे मोठे करून स्वतःकडे बघत होते. अक्कांनी पडदा बंद करायला सांगितलं आणि त्या सुपडूभाऊंसमोर बसल्या, साल लावायच्या वेळी बसतात तशा.

“डिलीट करू का?”

“नका ना, अक्का!” सुपडूभाऊ हातच जोडायला लागले. “मनं इतलं चांगलं काम आख्खी जिंदगीम्हा व्हयनं नही. लोक हासतस मले. एक डाव तं घाबरू द्या.”

“ते काम नव्हतं रे. तठे फौजी नव्हता. तठे तू व्हता.”

“मंग काय झायं? मी जित्ता शे ना? मी हो म्हनस, ऱ्हाऊ द्या.”

अन्वर म्हणाला, राहू द्या. मीही म्हणालो, राहू द्या. अक्कांना आम्ही त्यांच्याच रिवाजात पकडलं होतं. त्यांनी विचारलं होतं आणि समोरचा नाही म्हणाला होता. डिलीट करावं तर विचारण्याला अर्थ काय उरला? आणि ठेवावं तर एका माणसाचा जीव जाताना लोकांना शेडमध्ये बसवून दाखवायचं. अक्का उठल्या, म्हणाल्या, “तू हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही. पण चित्रपटही पुरा करणार नाही.” आणि निघून गेल्या. ज्या बाईंनी मला एवढे धक्के दिले त्यांचा हा सगळ्यांत मोठा. आम्हांला वाटलं, अक्कांचा चित्रपट संपला.

कितीतरी दिवस ते शूटिंग अन्वरच्या दुकानाच्या खणात पडून होतं. सुपडूभाऊ अक्कांचा फोन घेईनात. अक्का फोन करायच्या थांबल्या. मी दोघांकडे जाऊन चहा पिऊन परत यायचो, दुसरं काय करणार? मग एका सकाळी सुपडूभाऊंची रिक्षा थेट जळगावहून देवपुरात अक्कांच्या दारात. योगायोगानं मी तिथे होतो. सुपडूभाऊ ओट्यावर बसले. त्यांनी अन्वरकडून ते शूटिंग फोनवर घेतलं होतं आणि मोठ्या अभिमानानं कलाबाईंना दाखवलं होतं. बघ, कोण म्हणतं मला येत नाही!

“मंग?” अक्कांनी विचारलं.

“पुरं बघं नही तिनी. फोन फेकी दिन्हा. मनी छातीवर कान लाईसन बसनी, मी बसेल व्हतो तरी.” सुपडूभाऊंनी फोन काढून ओट्यावर ठेवला. “अक्का, मले वाटनं व्हतं, कोनी तरी घाबराले पाहिजे. पन तिनं घाबरनं मले नही पाहिजे.”

अक्कांनी चष्मा काढून पुसला. मग रीतसर त्यांच्यासमोर बसून विचारलं, “डिलीट करू का?” सुपडूभाऊ म्हणाले, “करा.” आम्ही तिघं अन्वरच्या दुकानात गेलो आणि ते उडवलं. फोनमधलंही.

चित्रपट पुरा झाला. तो प्रसंग पुन्हा घेतला, माझ्या चेंबरमागच्या उघड्या रानात, गोवऱ्यांच्या धुरात. अक्कांनी विचारलं, “लावू का?” सुपडूभाऊंनी मान हलवली. आणि मग ते मेले. छाती, पोट, पुन्हा छाती. तिन्ही सुरांत “आई वं”. पाय झाडले. एक डोळा उघडून कॅमेरा बघितला. अन्वरनं कपाळाला हात लावला. तो म्हणाला, निदान शेवटचा डोळा तरी कापू. अक्कांनी कापू दिला नाही.

परवा पारोळ्याच्या शेडमध्ये चित्रपट लागला. या खेपेला मी चपला हातात घेऊन बसलो होतो. सगळी शेड धुक्याकडे जीव मुठीत धरून बघत होती, आणि ऐन घाबरायच्या क्षणी सुपडूभाऊ पडले आणि हशा पिकला. सगळा चित्रपट तिथे आपटला म्हणा ना. मला फार वाईट वाटलं. मी अक्कांकडे वळून म्हटलं, “अक्का, वाया गेलं हो.” पुढच्या रांगेत कलाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारी सुपडूभाऊ कान पाडून बसले होते. अक्का त्या दोघांकडे बघत म्हणाल्या,

“हासू द्या, शेठ. जित्ता मानूसच इतलं वाईट मरस.”

अक्का आता पंचाहत्तरीच्या झाल्या. अशा वेळी धीर द्यायला आपण ज्येष्ठांना म्हणतो, काही होत नाही. ते वाक्य मी अक्कांसमोर पुन्हा कधी उच्चारणार नाही. म्हणून रीतसर त्यांच्यासमोर बसून विचारतो. अक्का, तुमच्यासाठी देवाकडे मागू का? धडधाकट तब्येत, चष्म्याच्या नंबराला उतार आणि पुरी शंभर वर्षं? तुम्ही हो म्हणा, बाकीचं आम्ही बघतो. वांगी भाजून तयार आहेत, माझ्या चेंबरचं दार सताड उघडं आहे, आणि पलटण रांगेत उभी आहे. या, आणि आम्हां सगळ्यांना अजून पुष्कळदा असंच वाईट मारा.